कॉर्नवॉलचा किनारा आणि मुंबईची तार



उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या ग्रुपवर दोनच प्रश्न फिरायला लागतात. भारताची तिकिटं कितीला मिळाली? आणि यंदा भारतात जात नसाल तर कुठे? दुसऱ्या प्रश्नाला बऱ्याच घरांतून एकच उत्तर येतं, कॉर्नवॉल. मग ए-३० रस्त्यावरची गाड्यांची रांग, स्कोनवर आधी जॅम की आधी क्रीम हा वाद, सेंट आइव्ह्जच्या बंदरात हातातल्या चिप्स पळवणारे सीगल, हे सगळं ओघानं येतं. त्यावर मी आज बोलणार नाही. ते तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. मला बोलायचंय त्या किनाऱ्याच्या इतिहासाबद्दल, आणि त्यातही अशा काही जागांबद्दल जिथून हा इतिहास थेट मुंबई-पुण्यापर्यंत पोचतो.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही आठ दिवस हा किनारा गाडीनं फिरलो. उत्तरेकडून खाली उतरायचं, टोकाला वळसा घालायचा आणि दक्षिणेच्या बाजूनं परत यायचं, असा साधा बेत. गाडीत पाच जण. आम्ही दोघं, चौदा वर्षांची लेक, दहा वर्षांचा धाकटा, आणि पुण्याहून उन्हाळ्यापुरते आलेले माझे सासरे. अप्पा तार ऑफिसातून निवृत्त झालेले. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

कॉर्नवॉल म्हणजे इंग्लंडचा अटलांटिकमध्ये पुढे केलेला पाय. किनारा चारशे मैलांहून जास्त, आणि त्यात कित्येक ठिकाणी ग्रॅनाइटचे उभे कडे. आपल्या कोकणात काळा कातळ आणि लाल जांभा, तसा इथे हा करडा दगड. या दगडाच्या पोटात कथील आणि तांबं होतं, आणि गेल्या काही शतकांतली इथल्या माणसांची सगळी कहाणी त्या दोन धातूंनी लिहिली.

ती बघायची तर सेंट जस्ट गावाजवळ बोटॅलकला जा. 'पोल्डार्क' मालिका ज्यांनी बघितली त्यांना तो परिसर ओळखीचा वाटेल. कड्याच्या खालच्या टप्प्यावर, लाटांच्या अगदी तोंडावर दोन दगडी इंजिनघरं उभी आहेत. वाफेची इंजिनं खाणीतलं पाणी उपसायची आणि माणसं त्याखाली, समुद्राच्या तळाखालून अर्धा मैल आत जाऊन खणायची. वादळात डोक्यावर समुद्रतळाचे धोंडे गडगडत जाताना ऐकू यायचे, असं तिथले कामगार सांगत. वर पृष्ठभागावर बायका आणि मुली हातोड्यानं खनिज फोडायच्या. शेजारच्या लेव्हंट खाणीत माणसं वर-खाली नेणारं एक यंत्र होतं. एक लांबच लांब लाकडी दांडा, त्याला पायऱ्या. दांडा वर गेला की बाजूच्या फळीवर उतरायचं, खाली आला की पुढच्या पायरीवर चढायचं, असं करत करत शेकडो फूट. २० ऑक्टोबर १९१९ ला पाळी संपवून माणसं वर येत असताना दांड्याला इंजिनाशी जोडणारा धातूचा तुकडा तुटला. ३१ जण गेले.

पण कॉर्नवॉल रिकामं झालं ते अपघातांनी नाही, बाजारभावानं. १८६० च्या दशकात तांब्याचा भाव कोसळला, मग मलाया आणि ऑस्ट्रेलियातून स्वस्त कथील यायला लागलं. खाणी बंद पडत गेल्या आणि माणसं निघाली. ऑस्ट्रेलिया, मेक्सिको, मिशिगन, दक्षिण आफ्रिका. जगात कुठेही जमिनीत भोक दिसलं की त्याच्या तळाशी एक कॉर्निश माणूस सापडतो, अशी तिथे म्हणच आहे. मेक्सिकोत पाचुका गावी आजही 'पास्ते' नावानं पेस्टी विकतात, फक्त आत मिरची असते. आणि आपल्याकडे? १८८० नंतर म्हैसूर संस्थानातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी जॉन टेलर अँड सन्स या कंपनीनं चालवायला घेतल्या, आणि तिथे उतरणाऱ्या गोऱ्या जाणकारांमध्ये कॉर्निश खाणवाले भरपूर होते. त्या खाणी पुढे तीन किलोमीटरपेक्षा खोल गेल्या आणि २००१ मध्ये बंद झाल्या. कॉर्नवॉलची शेवटची मोठी कथील खाण, साउथ क्रॉफ्टी, १९९८ मध्ये बंद झाली. शिष्य गुरूपेक्षा तीन वर्षं जास्त टिकला म्हणायचा.

एमबीएच्या वर्गात आम्हाला 'रेमिटन्स इकॉनॉमी' शिकवली होती, आफ्रिकेतल्या आणि आखातातल्या उदाहरणांसह. मला मात्र तेव्हाही कोकण आठवत होतं. मुंबईच्या गिरणीत मुलगा, गावात म्हातारी आई आणि सून, आणि महिन्याला पोस्टमन आणणार ती मनीऑर्डर. कॉर्नवॉलमध्ये हुबेहूब तेच. दक्षिण आफ्रिकेची टपाल बोट आली की रेडरूथच्या दुकानांत उधाऱ्या फिटायच्या. नवरा वर्षानुवर्षं परदेशात, बायको घर चालवतेय, पत्र आलं तर जिवात जीव, नाही आलं तर शेजारणीकडे चौकशी. आपल्याकडे चाकरमानी निदान गणपतीला घरी यायचा. जोहान्सबर्गहून कोण येणार?

लँड्स एंडला आम्ही फोटो काढला आणि वीस मिनिटांत निघालो. देशाचं शेवटचं टोक म्हणून बरं आहे, पण पार्किंगचे पैसे वसूल होत नाहीत.

तिथून तीन-चार मैलांवर पोर्थकर्नो. दोन कड्यांच्या मध्ये एक छोटी पांढऱ्या वाळूची खाडी, पाणी असं हिरवं-निळं की भूमध्य समुद्र वाटावा. वरच्या कड्यावर मिनॅक हे दगडात कोरलेलं खुलं नाट्यगृह आहे. रोवेना केड नावाच्या बाईंनी आपल्या माळ्याच्या मदतीनं ते खोदायला घेतलं आणि १९३२ मध्ये तिथे 'टेम्पेस्ट'चा प्रयोग झाला. लोक तेच बघायला येतात. आम्ही आलो होतो खालच्या तार संग्रहालयासाठी.

१८५७ च्या मे महिन्यात मेरठला उठाव झाला, त्याची बातमी लंडनला पोचायला सुमारे दीड महिना लागला. राज्य करणाऱ्यांच्या मनात ही गोष्ट रुतून बसली. १८६५ मध्ये तुर्कस्तान आणि इराणच्या आखातामार्गे तार जोडली गेली खरी, पण मजकूर वाटेत कितीतरी हातांतून जायचा, आणि त्यातल्या अनेकांना इंग्रजी येत नसे. कित्येक दिवसांनी जे पोचायचं त्यातलं अर्धं कळायचं नाही. त्याच सुमाराला मुंबईनं कापसाची तेजी आणि तिचा फुगा फुटणं दोन्ही पाहिलं होतं. अमेरिकेतल्या यादवीमुळे लँकेशरला तिकडचा कापूस मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, प्रेमचंद रायचंदांसारखे सटोडिये शिखरावर गेले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर सगळं कोसळलं. बातमी ज्याला आधी, तो तरला.

जॉन पेंडर हा मँचेस्टरचा कापडाचा व्यापारी. त्यानं हे बरोबर हेरलं आणि समुद्राखालून स्वतःची वाट काढायची ठरवली. वेगवेगळ्या टप्प्यांसाठी वेगवेगळ्या कंपन्या काढल्या, म्हणजे एक टप्पा फसला तर सगळा पैसा बुडायला नको. आजच्या भाषेत अगदी पाठ्यपुस्तकातलं जोखीम-वाटप. मुंबई ते एडन हा लांब पल्ला टाकायला 'ग्रेट ईस्टर्न' हे ब्रुनेलचं अवाढव्य जहाज आणलं, कारण एवढी केबल पोटात मावेल असं दुसरं जहाजच नव्हतं. मधे तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चा या मलायातल्या झाडाच्या चिकाचं आवरण, त्यावर ताग आणि बाहेरून लोखंडी तारांचं चिलखत. गटापर्चा उन्हानं मऊ पडतो, म्हणून उष्ण प्रदेशात जाण्याआधी त्या काळ्या जहाजाला पांढरा रंग दिला. १८७० च्या फेब्रुवारीत मुंबईहून केबल सोडत ते निघालं. इंग्लंडकडचं टोक खरं तर फाल्मथला आणायचं होतं, कंपनीच्या नावातही फाल्मथच होतं. पण तिथे जहाजांची इतकी वर्दळ की एखाद्याचा नांगर केबल उचकटायचा. म्हणून ही ओसाड खाडी. जून १८७० मध्ये केबल पोर्थकर्नोच्या वाळूवर आली. लिस्बनजवळचं कार्काव्हेलोस, जिब्राल्टर, माल्टा, अलेक्झांड्रिया, मग जमिनीवरून सुएझ, पुन्हा पाण्याखालून एडन आणि तिथून मुंबई. २३ जूनच्या रात्री पेंडरनं लंडनच्या घरी मेजवानी दिली, प्रिन्स ऑफ वेल्सनं तिथून हिंदुस्थानात व्हाइसरॉयला संदेश धाडला. दीड महिन्याचं अंतर मिनिटांवर आलं.

आता आमच्या धंद्यातली मंडळी विचारतील, बँडविड्थ किती? हसू नका. प्रत्येक ठाण्यावर माणूस बसून आलेला संदेश वाचायचा आणि पुढच्या केबलवर पुन्हा हातानं पाठवायचा. इतक्या लांबून आलेली वीज अतिशय क्षीण असे. ती टिपायला विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी आरशाचं यंत्र केलं होतं. विजेच्या झुळकीनं इवलासा आरसा हलायचा आणि भिंतीवर प्रकाशाचा ठिपका डावी-उजवीकडे सरकायचा. अंधाऱ्या खोलीत त्या ठिपक्याकडे तासन् तास बघत एक जण अक्षरं सांगणार आणि दुसरा लिहून घेणार. दर महाग आणि पैसे शब्दावर. मग व्यापाऱ्यांनी संकेतांच्या जाडजूड डिक्शनऱ्या वापरायला सुरुवात केली. एका शब्दात आख्खं वाक्य. आपण डेटा कॉम्प्रेशन म्हणतो तेच, फक्त झिप करणारा माणूस लेखणी घेऊन बसलेला. त्याआधी सातच महिने सुएझ कालवा उघडला होता. जहाज लवकर पोचणार आणि भाव त्याहून आधी कळणार, तेव्हा सहा-सहा महिन्यांचा माल गोदामात अडकवून ठेवायची व्यापाऱ्याला गरज उरली नाही.

एक गोष्ट मात्र स्वच्छ बोलली पाहिजे. ही तार आपल्यासाठी नव्हती. ती हुकमांसाठी होती आणि कापसाच्या भावासाठी होती. संग्रहालयात साम्राज्याचे लाल रंगाचे नकाशे बघताना मुलांना हे सांगावं लागतं, कारण पाट्यांवर तंत्राचं कौतुक जास्त आणि बाकीचं थोडं आहे. पुढे या एका खाडीत चौदा केबल येऊन मिळाल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांच्या भीतीनं आख्खं ठाणं डोंगराच्या पोटात हलवलं. तो बोगदा खणला कोणी? इथल्याच कथील खाणींमधल्या कामगारांनी. १९७० मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, ठाणं बंद झालं, तरी तारेचं प्रशिक्षण देणारं कॉलेज १९९३ पर्यंत चालू होतं.

तिथे एका टेबलावर लोकांना वाजवून बघायला मोर्सची किल्ली ठेवली होती. धाकट्यानं दोन मिनिटं टकटक केली आणि कंटाळला. अप्पा बसले. मनगट जरा सैल सोडलं आणि असा काही वेग धरला की समोरचे स्वयंसेवक आजोबा खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी येऊन बसले. ते त्याच कॉलेजात शिकलेले निघाले. पुढचा पाऊण तास दोघांचं काय काय चाललं होतं, ते आम्हाला निम्मंच कळलं. अप्पांनी त्यांना आपल्याकडच्या शुभेच्छांच्या तारा सांगितल्या. लग्नाच्या, दिवाळीच्या, पास झाल्याच्या छापील ओळी असत आणि प्रत्येकीला क्रमांक. तारमास्तरानं फक्त क्रमांक पाठवायचा. आजोबा म्हणाले, म्हणजे आमचीच डिक्शनरी, फक्त गरिबांची.

मग अप्पांनी जे सांगितलं ते आम्हालाही नवीन होतं. त्यांचे थोरले भाऊ, माझे मोठे चुलत सासरे, साठच्या दशकात लँकेशरला कापड गिरणीत आले होते. १९६९ मध्ये आजेसासूबाई गेल्या तेव्हा अप्पा नुकते नोकरीला लागलेले आणि रात्रपाळीवर होते. भावाला तार त्यांनी स्वतःच लावली. मरणाच्या तारेला आधी वाट द्यायची, हा नियम त्यांनी महिन्यापूर्वीच पाठ केला होता. इंग्रजीत दोन शब्द, खाली नाव. शब्दाला पैसे पडत होते. भाऊ विमानाच्या तिकिटाचे पैसे जमवून पुण्याला पोचले तेव्हा चौदावा दिवसही उलटून गेला होता. आजोबांनी विचारलं, तुमची ती तार इथूनच आली असेल का? अप्पा म्हणाले, नाही, आमच्या वेळी परदेशची तार खडकीहून जायची, बिनतारी.

खडकीकडे येतेच. त्याआधी पोर्थकर्नोबद्दल एकच. १९९७ मध्ये याच वाळूखालून 'फ्लॅग' नावाची फायबर ऑप्टिक केबल समुद्रात गेली. सुमारे २८ हजार किलोमीटर, जपानपर्यंत, आणि वाटेत मुंबई. दीडशे वर्षांपूर्वीचा जवळजवळ तोच मार्ग, सुएझसकट. ज्या जागेवर लोक टॉवेल पसरून ऊन खात पडलेले असतात तिच्या खाली हे सगळं आहे. माझा दर सोमवारचा सकाळचा कॉल पुण्याच्या टीमबरोबर असतो. आवाज अडकला की आम्ही सगळे क्लाउडला शिव्या घालतो. क्लाउड वर नसतो मंडळी, तो बराचसा समुद्राच्या तळाशी असतो.

पोर्थकर्नोहून पूर्वेला किनाऱ्यानं गेलं की माउझल. स्पेलिंग 'माउसहोल', पण तसं म्हणालात तर गावकरी लगेच ओळखतात की तुम्ही पाहुणे. इवलंसं बंदर, इतक्या अरुंद गल्ल्या की गाडी गावाबाहेर ठेवून चालत उतरावं. १५९५ मध्ये स्पॅनिश गलबतांनी हे गाव जाळलं. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री वादळात सापडलेल्या 'युनियन स्टार' जहाजावरच्या माणसांना वाचवायला इथले आठ जण लाइफबोट घेऊन गेले आणि कोणीच परत आलं नाही. दोन्ही बोटींवरचे मिळून सोळा जण बुडाले. गावाच्या नाताळच्या दिव्यांची रोषणाई दरवर्षी त्या तारखेला मंद करतात.

आम्हाला तिथे भेटायचं होतं डॉली पेंट्रीथला. ही मासे विकणारी बाई १७७७ च्या डिसेंबरात वारली. कॉर्निश भाषा बोलणारी शेवटची व्यक्ती म्हणून तिचं नाव झालं आणि शेजारच्या पॉल गावच्या चर्चच्या भिंतीत तिचं स्मारक आहे. कॉर्निश ही इंग्रजीची बोली नव्हे. ती वेल्श आणि ब्रेटनची बहीण. गावांच्या नावांत ती अजून बसलेली आहे. 'ट्रे' म्हणजे वाडी, 'पोल' म्हणजे डोह, 'पेन' म्हणजे टोक, 'पोर्थ' म्हणजे बंदर. गाडीत मुलांनी पाट्या वाचत मोजणी लावली होती. ट्रे भरघोस मतांनी निवडून आला.

भाषा मेली कशी, याची एक तारीख देता येत नाही, पण १५४९ हे वर्ष महत्त्वाचं. लंडनच्या सरकारनं प्रार्थना इंग्रजीतूनच झाली पाहिजे असा कायदा केला. कॉर्नवॉलचे लोक उठले. आमच्यातल्या कित्येकांना इंग्रजी कळत नाही, असं त्यांनी लेखी कळवलं. उत्तर सैन्यानं दिलं, हजारो माणसं मेली. वेल्शमध्ये १५८८ मध्ये बायबल आलं आणि त्या भाषेला देवळात जागा राहिली. कॉर्निशला ती मिळालीच नाही. मग ती बाजारातून गेली, घरातून गेली, राहिली ती पश्चिम टोकाच्या कोळ्यांच्या होड्यांत.

१७६८ मध्ये डेन्स बॅरिंग्टन नावाचा एक विद्वान कॉर्निश बोलणारं कोणी उरलंय का ते शोधत माउझलला आला. लोकांनी त्याला डॉलीकडे नेलं. तुम्हाला ही भाषा येत नसणार, असं त्यानं मुद्दाम डिवचलं, तशी तिनं त्याला दोन-तीन मिनिटं त्याच भाषेत झाडलं. समोरच्या झोपड्यांच्या दारात तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान अशा दोन बायका उभ्या होत्या आणि त्या हसत होत्या. बॅरिंग्टननं त्यांना विचारलं, तुम्हाला कळलं का ती काय म्हणाली? त्या म्हणाल्या, कळतं सगळं, पण आम्हाला तसं भरभर बोलता येत नाही.

हे मी लेकीला भिंतीजवळ उभं राहून सांगितलं. मराठीत सांगितलं, तिनं इंग्रजीत ऐकलं. म्हणजे आमच्या घरात नेहमी असतं तसं. ती म्हणाली, "बट देन हू डिड शी टॉक टू?" अप्पा शेजारीच होते. त्यांना इंग्रजी उत्तम येतं. तरी ते काही बोलले नाहीत.

डॉली शेवटची होती हे काही खरं नाही. त्याच गावच्या विल्यम बोडिनर या कोळ्याचं १७७६ मधलं कॉर्निश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतलं पत्र आहे. लहानपणी वडील आणि आणखी पाच जणांबरोबर समुद्रावर जायचो, आठवडाभर होडीत इंग्रजी शब्द कानावर पडत नसे, तिथे शिकलो, असं तो लिहितो. आता गावात चार-पाच म्हातारेच उरलेत, तरुणांना येत नाही, हेही लिहितो. पुढे १९०४ मध्ये हेन्री जेनर यांनी कॉर्निश शिकण्याचं पुस्तक काढलं आणि लोकांनी ती भाषा कागदावरून पुन्हा उचलायला घेतली. युनेस्कोनं तिच्यावर 'नामशेष' असा शिक्का मारला होता, तो २०१० मध्ये बदलून 'अत्यंत धोक्यात' असा केला. आज पाट्या दोन भाषांत आहेत. २०२१ च्या जनगणनेत मुख्य भाषा कॉर्निश असं सांगणारे साडेपाचशेच्या थोडे वर निघाले. आपल्या शनिवारच्या मराठी शाळांच्या स्नेहसंमेलनाला याहून जास्त गर्दी होते.

माउझलहून पेन्झॅन्स ओलांडलं की उपसागरात सेंट मायकल्स माउंट. अप्पा बघताक्षणी म्हणाले, हा आपला कुलाबा. मुंबईचा नव्हे, अलिबागचा किल्ला. ओहोटीला दगडी वाटेनं चालत जायचं, भरती आली की होडी. आणि साम्य तेवढंच नाही. कान्होजी आंग्र्यांना इंग्रजी पुस्तकांत अजून सहज 'पायरेट' म्हटलेलं दिसतं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले, त्याचाही राग असेल. पण याच कॉर्नवॉलमध्ये फाल्मथच्या पेंडेनिस किल्ल्याचे किल्लेदार किलिग्रू घराण्यातले होते आणि चाच्यांशी त्यांची चांगली ऊठबस होती. त्यांना इथे 'रंगेल सरदार घराणं' म्हणतात. जवळच्याच प्रशिया कोव्हला जॉन कार्टर हा चोरट्या मालाचा नामांकित व्यापारी होऊन गेला. त्या काळी चहावर जकात होती ११९ टक्के. किमतीपेक्षा कर जास्त! १७८४ मध्ये पंतप्रधान पिट यांनी ती साडेबारा टक्क्यांवर आणली आणि चहाच्या तस्करीचा धंदाच बसला. अर्थमंत्र्यांनी कौटुंबिक सहलीसाठी यावं अशी ही जागा आहे.

लिझर्ड द्वीपकल्पावर पोल्डू नावाचा कडा आहे. बघण्यासारखं फारसं काही नाही. एक स्मारकस्तंभ, गवत आणि वारा. इथून १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीच्या केंद्रानं मोर्समधला 'एस' पाठवला, तीन टिंबं, आणि अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडला तो ऐकू आल्याचं मार्कोनीनं जाहीर केलं. ते सगळ्यांना माहीत असतं. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं ते नंतरचं. १९२३-२४ मध्ये याच पोल्डूवरून आखूड लहरींचे, झोतासारख्या एका दिशेनं सोडायच्या प्रक्षेपणाचे प्रयोग झाले. लांब लहरींसाठी लागणाऱ्या प्रचंड मनोऱ्यांपेक्षा आणि विजेपेक्षा हे कितीतरी स्वस्त निघालं. त्यातून १९२७ मध्ये इंग्लंड-हिंदुस्थान बिनतारी तारसेवा सुरू झाली, आणि हिंदुस्थानकडची दोन केंद्रं कुठे होती? पाठवायचं खडकीला आणि घ्यायचं दौंडला. पुणेकरांनो, दौंडला गाडी थांबली की आपल्याला फक्त चहा आठवतो. ही सेवा इतकी स्वस्त होती की पेंडरच्या वारसांची केबल कंपनी हादरली आणि १९२९ मध्ये केबल आणि बिनतारी या दोन प्रतिस्पर्ध्यांना एकत्र आणावं लागलं. त्यातूनच पुढे 'केबल अँड वायरलेस' हे नाव आलं.

अप्पांची १९६९ ची ती तार म्हणजे या कड्यावरच्या प्रयोगांची नात. ते मला म्हणाले, खडकीचे मनोरे सायकलवरून रोज बघायचो, पण त्यांचं आजोळ इथे आहे हे माहीत नव्हतं.

शेवटचा मुक्काम फाल्मथ. खोल, सुरक्षित, मोठं बंदर. ट्रफाल्गरची बातमी घेऊन 'पिकल' ही छोटी गलबतवजा नौका ४ नोव्हेंबर १८०५ ला इथेच लागली, आणि तिचा कप्तान २१ वेळा घोडे बदलत लंडनला गेला. पण आम्ही फाल्मथच्या बाजूच्या मायलर नावाच्या खाडीवर गेलो, ते एका जहाजासाठी.

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यानं पिढ्यान् पिढ्या जहाजं बांधली. लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून आले तिथपासून. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडमधल्या ओकची टंचाई झाली आणि आरमारानं मुंबईकडे मागण्या नोंदवल्या. सागवान ओकपेक्षा टिकाऊ. त्यात तेल असतं म्हणून लोखंडी खिळे गंजत नाहीत, ओकच्या आम्लानं ते गंजतात. १० नोव्हेंबर १८२१ रोजी मुंबईत ८४ तोफांचं एक जहाज मलबारी सागवानातून बांधून पाण्यात सोडलं. नाव 'गँजिस', म्हणजे गंगा. ते जग फिरलं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर सॉल्ट स्प्रिंग बेटावर आजही त्याच्या नावाचं गाव आहे. आणि वय झाल्यावर १८६६ मध्ये ते इथे मायलरच्या खाडीत नांगरून ठेवलं गेलं, आरमारात भरती झालेल्या मुलांना शिकवण्यासाठी. पंधरा-सोळा वर्षांची मुलं, बरीचशी गरीब घरांतली. मुंबईच्या सुतारांनी घडवलेल्या फळ्यांवर त्यांनी ३३ वर्षं, एकामागून एक तुकड्या, दोर ओढायला आणि शिडावर चढायला शिकलं.

मायलरच्या चर्चच्या आवारात पाण्याच्या बाजूला एक स्तंभ आहे. १८६६ ते १८९९ या काळात 'गँजिस'वर असताना वारलेल्या ५३ मुलांचा. लेकीनं त्यांची नावं आणि वयं वाचली, मोठ्यानं, शेवटपर्यंत. धाकटा तिच्यामागे उभा राहून बोटांवर मोजत होता.

मुंबईचंच दुसरं जहाज, १८१७ मधलं 'ट्रिंकोमाली', हेही काही वर्षं फाल्मथला प्रशिक्षणासाठी होतं. ते वाचलं. आज ते हार्टलपूलला आहे, ब्रिटनचं अजूनही पाण्यावर तरंगणारं सगळ्यात जुनं युद्धजहाज, आणि तिकीट काढून आत जाता येतं. उत्तरेकडच्या श्रोत्यांनी एका रविवारी नक्की जाऊन यावं. 'गँजिस' मात्र १९३० मध्ये प्लिमथला मोडीत निघालं. त्याच सुमाराला डेव्हनच्या किनाऱ्यापासून जवळच असलेल्या बर्ग बेटावर एक झगमगीत हॉटेल बांधत होते, ॲगाथा ख्रिस्तीच्या वाचकांना हे बेट माहीत असेल. जहाजाच्या कप्तानाची आख्खी केबिन उचलून त्या हॉटेलात बसवली. ती अजून तिथे आहे.

कॉर्नवॉलहून परत येताना ते बेट वाटेपासून थोडंसंच बाजूला पडतं. ओहोटीला वाळूवरून चालत जायचं, भरतीला उंच चाकांचा एक ट्रॅक्टर पाण्यातून नेतो. आम्ही पोचलो तेव्हा भरती होती आणि धाकट्याला ट्रॅक्टरच हवा होता.